बाजू बदलून केलेला वाद

आमच्या कॉलेजातला तत्त्वज्ञान विभाग बंद झाला तेव्हा कोणी फारसं काही बोललं नाही. विद्यार्थी येत नव्हते, हे खरंच होतं. शेवटच्या वर्षी बी.ए.च्या वर्गात दोन मुली होत्या आणि त्यातल्या एकीचं लग्न ठरलेलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विभागाची कपाटं ग्रंथालयाच्या तळघरात गेली. खोलीत संगणक आले, खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटला, आणि जिथे पंखासुद्धा धड फिरला नव्हता तिथे एसी बसला. मला मराठी विभागाच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं. निवृत्तीपर्यंत सगळ्या शाखांच्या मुलांना मूल्यशिक्षण शिकवायचं, असं ठरलं.

त्या खोलीत मी आणि सर आयुष्यभर भांडलो होतो. ते भारतीय दर्शनं शिकवायचे, मी पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, आणि त्यातही आधुनिक संशयवाद हा माझा खास विषय. सर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. पारशिवनीजवळच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचे पोर. शाळेतल्या एका हौशी मास्तरांनी त्यांना संस्कृत शिकवलं आणि ते त्यांच्या अंगात इतकं भिनलं की घरच्यांनी वखर धरायला बोलावलं तरी ते परत गेले नाहीत. अवघडातलं अवघड सूत्र ते शुद्ध म्हणायचे आणि त्याचा अर्थ मात्र गावाकडच्या बोलीत सांगायचे. नवीन मुलांना आधी हसू यायचं. मग ती वहीत लिहून घ्यायला लागायची.

मी उमरेडच्या विणकरांच्या घरातला. घरात खड्ड्याचा माग होता. बापाचा जन्म त्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात गेला. लहानपणी मी त्यांना काहीही विचारलं, देव कुठे राहते, माणूस मेल्यावर कुठे जाते, आपल्याच घरी माग काहून आहे, तर त्यांचं उत्तर एकच असायचं, "असंच असते." ते रागावून म्हणत नसत. त्यांना खरंच तसं वाटायचं. पुढे कॉलेजात मी पहिल्यांदा वाचलं की प्रत्येक गोष्टीवर शंका घेता येते, समोरच्या टेबलावरसुद्धा, स्वतःच्या हातावरसुद्धा, तेव्हा मला उमरेडच्या त्या अंधाऱ्या खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटलं. मी त्याच विषयाला धरून राहिलो.

सरांना माझ्या विषयाचा राग नव्हता. कीव होती.

"तुमच्या लोकाइनं शंका घेतली, ते बरं केलं," ते म्हणायचे. "पण शंका कशासाठी घ्यायची, तेच टाकून दिलं. दिवस बुडाला, तू वावरातून घरी येऊन राहिला, आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेले, काहीतरी काळं दिसते. झुडूप हाय का रानडुक्कर? ही शंका. तिच्यावर तुझा जीव टांगला हाय. तू थांबतो, पाहतो, दगड मारून पाहतो, आणि मग ठरवतो का त्या वाटेनं जायचं का नाही. आमच्या जुन्या लोकाइची शंका अशी होती. दुःखातून सुटायचं म्हणून ते विचारत. तुमचा माणूस खुर्चीत बसते, चहा पिते, आणि विचारते का खुर्ची आहे का नाही. आणि उत्तर भेटलं नाही तरी चहा पितेच."

मी चिडायचो. "सर, तुमच्या जुन्या शहाणपणात माझ्या बापाची जागा कुठं होती ते सांगा. खड्ड्यात. त्याले कोणी विचारलं का दुःखातून सुटायचं का?"

"आणि माह्या बापाची?" ते हसून म्हणायचे. "बैलाच्या मागं. म्हणून काय मी शिकलो नाही?"

"तुम्ही शिकले ते त्या शहाणपणानं शिकू दिलं म्हणून नाही. कोणीतरी त्याच्यावर शंका घेतली म्हणून."

यावर ते म्हणायचे, "हे बरोबर मांडलं." त्यांचा तो नियम होता. खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडून दाखवायचं, इतकं चांगलं की त्यानं मान डोलवली पाहिजे. तोवर उत्तर द्यायचा हक्क नाही. मला हे कधीच नीट जमलं नाही. मी घाईनं खोडायला धावायचो आणि ते हात वर करून थांबवायचे. "आधी माह्यी बाजू मांड. मग तोड."

ते निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी येत राहिले. विभाग बंद झाल्यावर येणं बंद झालं. मग मीच मानेवाडा रोडच्या त्यांच्या घरी जाऊ लागलो. पुढच्या खोलीत एक दिवाण, दोन खुर्च्या, भिंतभर पुस्तकं. वहिनी चहा आणून द्यायच्या आणि आत जाऊन टीव्ही लावायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत होता. आमच्या भांडणातलं वहिनींना काही ऐकायचं नसायचं. "तुम्ही दोघं एकमेकाले वीस वर्षं तेच सांगून राहिले," असं त्या म्हणायच्या.

त्या हिवाळ्यात सरांना जेवण जाईना. आधी पित्त समजून औषधं झाली. मग डोळे पिवळे दिसायला लागले. धरमपेठेतल्या एका दवाखान्यात तपासण्या झाल्या तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी मला बाहेर बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. मी आत आलो तर सर शर्टची बटणं लावत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सांग," ते म्हणाले. "तू मले खोटं सांगू शकत नाही. तुले ते येतच नाही."

मी सांगितलं. त्यांनी उरलेलं बटण लावलं. निघताना दवाखान्याच्या फाटकापाशी त्यांनी संत्री घेतली आणि सवयीनं घासाघीससुद्धा केली.

पहिले दोन महिने त्यांनी ज्या शांतपणे काढले त्याचं मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. मुलगा येऊन रडून गेला, त्याची समजूत सरांनीच काढली. भेटायला येणाऱ्यांना ते सांगत, शरीर हे शरीराच्या नियमानं चाललंय, त्याचा मी साक्षी आहे. पोटात कळ आली की डोळे मिटत, काहीतरी पुटपुटत, आणि कळ ओसरली की बोलणं पुढे सुरू करत. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "मी हरलो. माझ्या पुस्तकांतून मला असं काही मिळालेलं नाही." ती म्हणाली, "मग आता तरी त्यांच्याशी भांडू नका."

होळीनंतर ऊन तापायला लागलं. घराघरातून कूलर निघाले, वाळ्याच्या ताट्या बदलल्या. सरांचं अंग आता इतकं आटलं होतं की दिवाणावरच्या चादरीत ते दिसायचे नाहीत. दुखण्यावर गोळ्या होत्या, मग दंडावर चिकटवायच्या पट्ट्या आल्या. एका दुपारी मी गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आल्याचं त्यांना कळलं, पण ते वळले नाहीत.

"काहीच येऊन नाही राहिलं गा," ते म्हणाले.

मला वाटलं, उलटीबद्दल म्हणताहेत. मी भांडं पुढे केलं.

"ते नाही. आतून. मी म्हणतो ते, पण ते नुसते शब्द आहेत. साक्षी म्हणतो, आणि कोणी साक्षी-बिक्षी नाही दिसत. कळ येते तेव्हा सारा मी कळच असतो. पाहणारा कोणी उरत नाही. चाळीस वर्षं मी पोराइले शिकवलं, आणि आता पाहतो तं तिथं काही नाही."

कूलरचा आवाज चालू होता. ते हळूहळू वळले. त्यांचे डोळे पिवळे आणि मोठे दिसत होते.

"तू तं इथंच राहतो ना इतक्या वर्षापासून," ते म्हणाले. "आत्मा आहे का नाही सांगता येत नाही, जग आहे का नाही सांगता येत नाही. तुह्या लोकाइचं घरच आहे हे. मी आता आलो. मले सांग, इथं कसं राहतेत?"

त्यात टोमणा नव्हता. परगावी आलेला माणूस विचारतो, पाणी कुठे भरायचं, तसं ते विचारत होते.

त्या दिवशी परतताना रिंग रोडच्या सिग्नलवर मागच्यांनी हॉर्न वाजवेपर्यंत मी उभाच राहिलो. सर म्हणत होते त्या घरात मी कधी राहिलोच नव्हतो. शंका मी वर्गात घेत होतो, निबंधात घेत होतो, परिषदांमध्ये घेत होतो. घरी येऊन वरण-भात खाताना मी कशावरच शंका घेतली नव्हती. पोरीला ताप आला तेव्हा नवस बोलणाऱ्या बायकोला मी हसलो नव्हतो. दुसऱ्या देशांतसुद्धा फार जुन्या काळी शंका घेणारे लोक होते. ते मनाला स्वस्थता यावी म्हणून शंका घेत. कशाचाच हट्ट धरला नाही की माणूस शांत होतो, असं त्यांचं म्हणणं. ती त्यांची राहायची रीत होती. मी ते एका तासात, इतिहास म्हणून, शिकवून टाकायचो आणि पुढच्या, महत्त्वाच्या, आधुनिक भागाकडे वळायचो. त्यात स्वस्थतेचा प्रश्नच नव्हता. ज्ञान शक्य आहे का, एवढाच होता. सर वर्षानुवर्षं हेच सांगत होते. ते बरोबर होते, हे मला पटलं, पण ज्या दिवशी पटलं त्या दिवशी त्यांच्याजवळ त्यांचं जुनं शहाणपणही उरलं नव्हतं. मग पटून काय करायचं?

दोन दिवस मी गेलो नाही. मग वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही येता तवाच ते दोन घास खातेत. काहून नाही आले?"

मी गेलो तेव्हा सर उशीला टेकून बसले होते. त्यांनी काहीतरी ठरवलेलं दिसत होतं.

"आपण बाजू बदलू," ते म्हणाले. "तू माह्यी बाजू घे. आत्मा आहे, हे मांड. मी तोडतो."

"सर, मला ते येत नाही."

"येत नाही म्हणूनच. इतकी वर्षं ऐकलं ना? मांड."

त्या दिवशी मी जे मांडलं ते पहिल्या वर्षाच्या मुलानं मांडावं असं होतं. त्यांनी त्याचा पाच-सात वाक्यांत भुगा केला. आवाज खोल गेलेला, मध्ये मध्ये थांबून श्वास घ्यायचे, पण तोडायची तीच पद्धत. आधी माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट करून सांगायचं, मग त्याचा कच्चा दुवा दाखवायचा. संपल्यावर त्यांनी वहिनींना हाक मारली आणि पातळ खिचडी मागितली.

मग रोज हेच सुरू झालं. मी सकाळी कॉलेजात मूल्यशिक्षणाचे दोन तास घ्यायचो, नंतर तळघरात जाऊन आमच्या कपाटातली सरांची पुस्तकं काढून वाचायचो. ग्रंथपाल विचारायचे, सर, नवीन विषय घेतला का? इतक्या वर्षांत मी ती पुस्तकं खोडून काढण्यासाठी वाचली होती. आता त्यांच्या बाजूनं उभं राहण्यासाठी वाचत होतो आणि ती वेगळीच दिसत होती. ज्या वाक्यांना मी भाबडी म्हणायचो त्यांच्यामागे किती लोकांनी किती हल्ले सोसले होते ते कळत होतं. दुपारी मी सरांपुढे जाऊन बसायचो आणि ते हल्ला करायचे. ज्या गोष्टींवर त्यांनी जन्म काढला त्याच ते उद्ध्वस्त करत होते, आणि मी त्या वाचवायला धडपडत होतो. कधी कधी ते इतक्या त्वेषानं बोलायचे की मला भीती वाटायची. मग लक्षात आलं, हा माझ्याशी वाद नाही. मी मांडलेलं टिकावं अशी त्यांची इच्छा आहे. पण टिकू द्यायला ते तयार नव्हते. हलक्या हातानं तोडणं त्यांना येतच नव्हतं.

वहिनींना हे पटत नव्हतं. एकदा त्यांनी मला अंगणात गाठलं. उन्हात तुळशीपाशी उभ्या होत्या, डोक्यावर पदर ओढलेला.

"भाऊजी, माणूस जाऊन राहिला. आता तरी देवाचं नाव घेऊ द्या त्याले. मी पोथी वाचायले बसली तं म्हणतेत, नको. आणि तुमच्यासंगं बसून आत्मा नाही, आत्मा नाही म्हणतेत. हे कोणतं शिक्षण हो?"

"वहिनी, मी तर आत्मा आहे म्हणतो."

"तुम्ही म्हणता, पण तुमचं मन म्हणते का?"

त्या आत गेल्या. तरी खिचडीचं पातेलं त्या रोज माझ्या यायच्या वेळेलाच चढवायच्या.

नवतपा लागला, मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवरून जायचो आणि त्यांच्या दारात पोचेस्तोवर तोंड कोरडं पडायचं. सरांचं बोलणं आता कमी झालं होतं. पट्टीनं गुंगी असायची. पण मी आलो की ते बोटानं खूण करायचे, मांड.

त्या दिवशी मी तयारी करून गेलो नव्हतो. आदल्या दिवशीचं पुस्तक अर्धंच राहिलं होतं. मी खुर्चीत बसलो आणि समोर जे दिसत होतं तेच बोलायला लागलो.

"सर, मघाशी वहिनी आत भांडी घासत होत्या. तुम्ही आवाज ऐकला. आता त्या येऊन तुमच्या कपाळावर हात ठेवून गेल्या. तुमचे डोळे मिटलेले होते. तरी तुम्हाला कळलं, जिचा आवाज ऐकला तिचाच हा हात. कानाला हात कळत नाही. कातडीला आवाज कळत नाही. मग 'तीच ही' असं म्हणणारा कोण? तो कानही नाही आणि कातडीही नाही. दोन्ही ज्याला पोचलं तो कोणीतरी एक आहे. आणि लग्न होऊन पहिल्यांदा त्या तुमच्या गावी आल्या, तेव्हाचा त्यांचा आवाज तुम्हाला आठवतो. तेव्हाचं तुमचं शरीर आज उरलं नाही. कातडी गेली, मांस गेलं. तरी 'तीच ही' म्हणता. तुम्ही म्हणालात, कळ येते तेव्हा सारा मी कळच असतो. पण कळ गेल्यावर 'मला कळ आली होती' हे तुम्ही सांगता. कळच तुम्ही असता तर ती गेल्यावर सांगायला कोण उरलं असतं?"

यात माझं काहीच नव्हतं. हा युक्तिवाद फार जुना, सरांनीच अनेकदा वर्गात सांगितलेला, आणि मी अनेकदा खोडून काढलेला. पण त्या दिवशी तो माझ्या तोंडून आला तेव्हा मला तो खोटा वाटला नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

सर डोळे मिटून पडले होते. कच्चा दुवा मला माहीत होता. आठवण जोडलेली राहते म्हणून आठवणारा एकच आहे असं ठरत नाही, हे मीच त्यांना कितीदा ऐकवलं होतं. ते आता तेच म्हणतील म्हणून मी थांबलो. कूलरच्या टाकीतलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा घरघरत होता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे.

बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले. मी जवळ वाकलो.

"बरोबर मांडलं," ते म्हणाले.

"पटलं का, सर?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. डोळ्यांच्या कडेला पाणी होतं, पण ते त्या दिवसांत नेहमीच असायचं. मग म्हणाले, "पाणी दे." मी चमच्यानं पाणी दिलं. अर्धं गालावरून ओघळलं. ते झोपले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टीची मात्रा वाढवली. मुलगा विमानानं आला. पुढच्या दिवशी सकाळी, वहिनी देवघरात असताना, सर गेले. मानेवाडा घाटावर मुलानं सगळं रीतीप्रमाणे केलं. सरांनी करा म्हणून सांगितलं नव्हतं आणि करू नका असंही सांगितलं नव्हतं. दुपारच्या उन्हात चितेची धग वेगळी कळतच नव्हती.

मला वाटलं होतं, बाजू बदलून घेतल्या त्या सरांसाठी. पण नंतर घोटाळा माझाच झाला. मी वर्गात उभा राहतो, मूल्यशिक्षणाच्या पुस्तकातला सत्य आणि करुणेचा धडा उघडतो, आणि कोणतीच बाजू माझी वाटत नाही. संशयावर पूर्वीसारखं बोलता येत नाही. त्या खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या माणसाची मला आता लाज वाटते. आणि सरांची बाजू मी मांडू शकतो, चांगली मांडू शकतो, पण मांडून झाल्यावर समोरून कोणी तोडत नाही. तोडल्याशिवाय ती खरी की खोटी हे मला कळत नाही. जुने लोक शहाणे होते का? होते, असं मला वाटतं. पण त्यांचं शहाणपण सरांना हवं होतं तेव्हा आलं नाही. आणि आलं असेल, अगदी शेवटच्या त्या गप्प दुपारी, तर ते त्यांनी सांगितलं नाही. वडिलांना मी शेवटचं भेटलो होतो तेव्हा ते उमरेडच्या घरी खाटेवर स्वस्थ पडून होते. त्यांना ना माझी शंका लागली होती ना सरांची सूत्रं. ते कसे स्वस्थ होते, हे मी त्यांना विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर काय आलं असतं ते मला ठाऊक आहे.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. मुलगा आईला पुण्याला नेणार होता. घर भाड्यानं द्यायचं ठरलं. पुस्तकं कोणाला द्यावीत हे विचारायला त्यानं मला बोलावलं. मी दिवाण असलेल्या त्याच खोलीत पुस्तकं बांधत होतो. वहिनी चहा घेऊन आल्या. यावेळी त्या आत गेल्या नाहीत, समोरच्या खुर्चीत बसल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बोलले, ते मी ऐकलं. माह्या आवाजाचं, हाताचं. त्यायले पटलं होतं का हो?"

मी सुतळीची गाठ मारत होतो. ती तशीच हातात राहिली.

"मले नाही माहीत, वहिनी."

"ते काही बोलले असतील तुमच्याजवळ."

"'बरोबर मांडलं' म्हणाले. त्याचा अर्थ पटलं असा होत नाही. त्यांच्या भाषेत नाही होत."

"म्हणजे त्यायचं मन शांत होतं का नाही, ते तुम्ही नाही सांगू शकत."

"नाही सांगू शकत."

त्यांनी मान हलवली. कप उचलला आणि आत गेल्या.

पुण्याला जायच्या दिवशी सकाळीच मी गेलो. गाडीत सामान चढलं होतं. मुलगा मीटरचे आकडे बघायला घरामागे गेला होता. वहिनी फाटकापाशी उभ्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत कोणी ऐकत असावं तशा हळू आवाजात म्हणाल्या,

"तुम्ही खोटं बोलले असते ना भाऊजी, तरी मले चाललं असतं."

मुलगा आला. त्या मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर देवांची पिशवी घेतली. त्यानं घराची किल्ली माझ्या हातात दिली. भाडेकरू संध्याकाळी येणार होते. गाडी कोपऱ्यावरून वळली. मी आत जाऊन मागचं दार लागलंय का पाहिलं, कूलरचा प्लग काढला, आणि बाहेर येऊन कुलूप लावलं.